डिस्ट्रॉयर पिच्छा सोडत नाहीत: सायलेंट हंटर ३ मधला शत्रूचा सोनार ताळ्यावर आणताना

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायच्या सायलेंट हंटर ३ या गेमबद्दलची तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. शत्रूच्या सोनारचा, म्हणजे आवाजाने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, आकडा गेमच्या फाईलमध्ये बदलला, दोन दिवस खेळ बरा वाटला आणि पुन्हा तेच सुरू झालं. डिस्ट्रॉयर, म्हणजे पाणबुडीच्या मागे लागणारी शत्रूची युद्धनौका, थेट डोक्यावर येतो, पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज टाकतो, वळतो, परत येतो. तासभर खाली दडून राहिलं तरी हलत नाही. मग कुणीतरी फाईलमधले सगळे आकडे धडाधड शून्य करतं आणि एस्कॉर्ट, म्हणजे काफिल्याच्या राखणीची जहाजं, ठार बहिरे होऊन जातात. आपण काफिल्याच्या मधोमध शिरलो तरी त्यांना पत्ता नाही. तोही कंटाळा आला की नवा मॉड (खेळ बदलणाऱ्या फाइल्सचा संच) टाकला जातो आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

युबीसॉफ्टचा हा गेम २००५ सालचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही तो चालतो, म्हणून सिडको, पंचवटी, नाशिकरोडकडची कॉलेजची मुलं आजही तो खेळतात. माझ्याकडे येणाऱ्या शंकांपैकी बहुतेक या एकाच विषयाच्या असतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शत्रूला बहिरं करायचे आकडे मी इथे देणार नाही. ज्याला काही ऐकूच येत नाही अशा शत्रूपासून सुटण्यात काही राम नाही. आपल्याला हवा आहे तो चुकू शकणारा शत्रू: लाटा उसळल्या की ज्याचं ऐकणं कमी होतं, स्वतः जोरात धावला की ज्याला काही कळत नाही, आणि बराच वेळ काही सापडलं नाही की जो माघारी वळतो. हे सगळं गेममध्ये मुळातच आहे. मॉडवर मॉड चढवताना त्याचा तोल जातो, तो परत आणायचा आहे.

आधी ठरवा, तुम्हाला पकडलं कुणी

"सोनार फार तिखट आहे" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना सोनारने पकडलेलंच नसतं. गेममधल्या जहाजाकडे तुम्हाला शोधायचे चार मार्ग असतात: डोळे, रडार, हायड्रोफोन आणि सोनार. या चौघांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. भलत्याचा आकडा बदलला तर काहीच बदलणार नाही आणि तुम्ही उगाच फाईलला दोष देत बसाल.

हायड्रोफोन म्हणजे नुसता कान. तो स्वतः आवाज करत नाही, तुमच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, आवाज ऐकतो. सोनार, ज्याला इंग्रज नौदल तेव्हा ॲसडिक म्हणायचं, तो स्वतः आवाज सोडतो आणि तुमच्या लोखंडावर आपटून आलेला प्रतिध्वनी पकडतो. तो 'पिंग' तुम्हालाही ऐकू येतो. म्हणून पहिली खूण सोपी आहे. पिंग ऐकू न येता एखादा डिस्ट्रॉयर काफिला सोडून तुमच्याकडे वळला, तर तुम्हाला एक तर कानाने पकडलंय किंवा डोळ्याने. पिंग सुरू झाल्यावर तो सरळ रेषेत येऊ लागला, तर काम सोनारचं.

डोळा की कान, हे ठरवायला पेरिस्कोप खाली घ्या आणि काफिला लांब असतानाच साठ-सत्तर मीटरवर जा. वेग दोन नॉटच्या आसपास ठेवा, झेड दाबून सायलेंट रनिंग (कमीत कमी आवाज करत चालणं) लावा. तरीही तो वळून आला तर कान. नाही आला तर आधीच्या वेळी त्याने बहुधा तुमचा पेरिस्कोप पाहिला होता. शांत समुद्रावर दिवसाउजेडी पेरिस्कोप वर ठेवून बसणारे खूप जण आहेत आणि ते सगळे सोनारच्या नावाने खडे फोडतात.

सायलेंट रनिंगमध्ये टॉर्पेडो भरायचं आणि दुरुस्तीचं काम थांबतं. ते काम चालू दिसत असेल तर सायलेंट रनिंग लागलेलंच नाही, हेही जाता जाता तपासून घ्या.

बदल केला पण फरक नाही: हे सगळ्यात आधी बघा

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. परत परत उगवणाऱ्या तक्रारीचं मूळ मला बहुतेक वेळा आकड्यांत सापडत नाही, तर तुम्ही बदललेली फाईल आणि गेम वाचतो ती फाईल वेगळी असण्यात सापडतं.

हे कसं होतं ते सांगतो. गेम सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलेला असतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे त्या फोल्डरमध्ये कुणीही सहज लिहू शकत नाही. पण २००५ च्या काळातली छोटी टूल्स तिथेच लिहायला जातात. त्यांचं काम अडू नये म्हणून विंडोज ती लिहिलेली फाईल गुपचूप दुसरीकडे नेऊन ठेवतं: तुमच्या युजर फोल्डरमध्ये, ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. आणि जुना गेम जेव्हा ती फाईल मागतो, तेव्हा विंडोज त्याला ही व्हर्च्युअलस्टोअरमधली नक्कल देतं.

आता पुढचा प्रसंग बघा. तुम्ही पहिल्यांदा एखाद्या टूलने आकडा बदलला. नक्कल तयार झाली. गेमने ती वाचली, फरक जाणवला. महिन्याभराने तुम्ही नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं आणि प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाईल बदलली. फाईल उघडून बघाल तर नवा आकडा दिसतो. गेम मात्र जुनी नक्कलच वाचतोय. तुम्ही आकडा दुप्पट करा, निम्मा करा, डिस्ट्रॉयर तसाच वागणार.

यावर इलाज एकच आणि तो कायमचा आहे. गेम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर काढा. आपल्याकडे एमजी रोडवरच्या दुकानातून विंडोज टाकून घेतलं की दुकानदार बहुधा सी आणि डी असे दोन भाग करूनच देतो. डी वर 'गेम्स' नावाचं फोल्डर करा आणि तिथे नव्याने बसवा. स्टीमवर घेतला असेल तर स्टीमच्या सेटिंगमध्ये डी ड्राइव्हवर दुसरी लायब्ररी जोडता येते. त्यानंतर व्हर्च्युअलस्टोअरमध्ये जाऊन या गेमचं फोल्डर उरलं असेल तर पुसून टाका. ॲपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, ते दिसण्यासाठी व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करावी लागते.

स्टीमवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. गेम अडला की 'फाइल्स तपासा' हे बटण दाबायची सवय बऱ्याच जणांना असते. ते बटण तुमच्या बदललेल्या फाईलला बिघडलेली समजतं आणि मूळ फाईल परत आणून ठेवतं. "आपोआप पूर्वीसारखं झालं" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी विचारतो.

नोटपॅडने सेव्ह करताना फाईलच्या नावापुढे टीएक्सटी चिकटतं, हा जुना त्रास. फाईलच्या नावाचं शेपूट दिसेल असं सेटिंग करून ठेवा. दशांशासाठी टिंबच वापरा, स्वल्पविराम चालत नाही. आणि बदल केल्यावर गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मोहीम अर्ध्यात सेव्ह केलेली असेल तर तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. बंदरात परतल्यावर बदल करायचा आणि नवी मोहीम काढून बघायची.

मॉड चालू-बंद करायचं जेएसजीएमई हे टूल वापरणाऱ्यांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, वेगळी सूचना. मॉड चालू असताना तुम्ही गेमच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाईल बदललीत आणि नंतर तो मॉड बंद केलात, तर जेएसजीएमई जुनी बॅकअप फाईल परत आणतं. तुमची मेहनत गेली. म्हणून स्वतःचा छोटा मॉड करा. मॉड्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेटा, त्यात सीएफजी, आणि त्यात बदललेली एकच फाईल. हा मॉड यादीत सर्वांत शेवटी चालू करा, म्हणजे वरच्या कुणाचीही फाईल असली तरी शेवटचा शब्द तुमचा राहील. नवीन मॉड टाकायच्या आधी तुमचा बंद करायचा, नवीन टाकायचा, मग तुमचा परत शेवटी. एवढी शिस्त पाळली तरी अर्धी दुखणी जातात.

एसएचथ्री कमांडर हे जोडटूल वापरत असाल तर तेही गेम सुरू करताना काही फाइल्स बदलतं आणि गेम बंद झाल्यावर पूर्ववत करतं. चाचणी घेताना ते बाजूला ठेवा आणि गेम थेट चालवा.

कुठली फाईल कुणाची

फाइल्सची नावं इंग्रजीत आहेत, मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. डेटा फोल्डरमधल्या सीएफजी फोल्डरात 'सिम' आणि 'सेन्सर्स' अशा दोन फाइल्स आहेत. नावामुळे बहुतेक जण 'सेन्सर्स' उघडतात. ती तुमच्या पाणबुडीवरच्या माणसांची आहे. तुमचा सोनारवाला किती ऐकतो, तुमचे टेहळे किती लांब बघतात, ते तिच्यात. तिच्यात काहीही केलं तरी शत्रू बदलत नाही. शत्रूचं वागणं 'सिम'मध्ये आहे.

आणि तिसरी, जी लोक विसरतात: डेटामधल्या लायब्ररी फोल्डरातली 'एआय_सेन्सर्स', डॅट प्रकारची. शत्रूच्या प्रत्येक यंत्राचा कमाल पल्ला, किमान पल्ला, ते कुठल्या दिशेला ऐकतं, किती खोल कोनात बघतं, हे सगळं हिच्यात. ही नोटपॅडने उघडत नाही. मिनी ट्वीकर किंवा सायलेंट थ्रीडिटर असं टूल लागतं.

'सिम' आणि 'एआय_सेन्सर्स' या दोघी जोडीने चालतात. ग्रे वुल्व्ह्ज एक्सपान्शनसारखा मोठा मॉड या दोन्ही फाइल्स स्वतःच्या आणतो, एकमेकींना जुळवलेल्या. तुम्ही त्यावर भलत्याच मॉडची 'सिम' आणून टाकलीत की जोडी फुटते. पल्ला एकाचा, कान दुसऱ्याचा. असं झालं की कोणतंही वागणं निघू शकतं आणि त्यावर कुणाचाही आकडा लागू पडत नाही. म्हणून इथे मी "अमुक इतकं लिहा" असं सांगत नाही. तुमच्या फाईलमध्ये आज जो आकडा आहे तो वहीत लिहून ठेवा आणि तिथूनच थोडं पुढे-मागे सरका. एका वेळी एकच आकडा, तोही दहा-पंधरा टक्क्यांनी.

'सिम'मधले आकडे

फाईलमध्ये डोळे, रडार, हायड्रोफोन, सोनार असे वेगवेगळे विभाग आहेत. हायड्रोफोन आणि सोनार या दोन विभागांत बरेचसे आकडे सारख्याच नावाचे आहेत. डिटेक्शन टाइम सेकंदात असतो: पकडायला किती वेळ लागावा. वाढवला की शत्रू सावकाश पकडतो. सुरुवात करायला ही जागा सगळ्यात सुरक्षित, कारण यात कुणी बहिरं होत नाही, फक्त तुम्हाला हालचालीला थोडी फुरसत मिळते.

सेन्सिटिव्हिटीशी फार खेळू नका. नावावरून वाटतं की आकडा वाढवला की कान तिखट होतील. प्रत्यक्षात तो उंबरठ्यासारखा वागतो. उंबरठा जितका वर, तितका मोठा आवाज लागतो. हा आकडा अगदी छोटा असतो आणि थोडा हलवला तरी परिणाम मोठा होतो. खाली सांगितलेल्या चाचणीत दिशा बघितल्याशिवाय याला हात लावू नये.

आता फॅक्टर. लाटांचा, वेगाचा, आवाजाचा. इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि "सगळं शून्य केलं" या प्रकारामुळे खेळ बिघडतो तो इथेच. या फाईलमधला फॅक्टर म्हणजे त्या गोष्टीचा प्रभाव किती धरायचा याचं माप. शून्य केला की ती गोष्ट हिशेबातूनच जाते. लाटांचा फॅक्टर शून्य केलात तर शत्रूचा त्रास कमी होत नाही. उलट वादळातही तो काचेसारख्या समुद्रात ऐकतो तसंच ऐकेल. हायड्रोफोनमधला नॉइज फॅक्टर शून्य केलात तर तुम्ही दोन नॉटने जा की सात नॉटने जा, त्याला सारखंच. मग सायलेंट रनिंगला अर्थच राहत नाही. पाणबुडीची अख्खी कला आवाज कमी करण्यात आहे, आणि तुम्ही ती कलाच खेळातून काढून टाकलीत.

मी स्वतः लाटांचा फॅक्टर थोडा वाढवलेला पसंत करतो. अटलांटिकमध्ये हवा बिघडली की राखणीच्या जहाजांना खरोखरच काही नीट ऐकू यायचं नाही. खेळातही मग हवामान बघून हल्ला करायची सवय लागते, जी अतिशय चांगली सवय आहे.

स्पीड फॅक्टर हा ऐकणाऱ्या जहाजाच्या स्वतःच्या वेगाबद्दल आहे. जहाज जोरात धावलं की त्याच्याच यंत्रांचा आणि बुडाला घासणाऱ्या पाण्याचा आवाज त्याच्या कानात भरतो. म्हणूनच खेळातला डिस्ट्रॉयर हल्ल्याला पूर्ण वेगात धावत येतो त्या क्षणी तो जवळजवळ बहिरा असतो. तुम्ही तेव्हाच वेग वाढवून जोरात वळायचं आणि तो मंदावला की पुन्हा शांत व्हायचं. ज्यांच्या फाईलमध्ये हा फॅक्टर कुणीतरी बिघडवला आहे, त्यांना ही युक्ती चालत नाही आणि ते म्हणतात की शत्रू फसवतो.

या एका आकड्यामागे आपल्या नौदलाचा अत्यंत वेदनादायक इतिहास आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी ही फ्रिगेट पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीला शोधत होती. तिच्यावरच्या सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी केलेल्या बदलाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. जोरात गेलं तर ऐकू येत नाही, हळू गेलं तर टॉर्पेडोच्या टप्प्यात सापडतो, असा तो पेच. हंगोरच्या टॉर्पेडोने खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. दीवला फिरायला गेलेल्या अनेकांनी तिथलं स्मारक पाहिलं असेल. स्पीड फॅक्टर शून्य केलेला पाहिला की मला दर वेळी वाटतं, की या पेचालाच आपण खेळातून पुसतोय. म्हणून तो आकडा मी जागेवर ठेवायलाच सांगतो.

सोनारच्या विभागात आणखी दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एनिमी सरफेस फॅक्टर चौरस मीटरमध्ये असतो आणि तुमच्या पाणबुडीची किती बाजू पिंगसमोर येते याच्याशी त्याचा संबंध आहे. आडवं राहिलात तर प्रतिध्वनी मोठा, नाक किंवा शेपूट त्याच्याकडे केलंत तर लहान. फाईल न उघडताही निम्मा फायदा इथे मिळतो. पिंग सुरू झाला की शेपूट त्याच्याकडे करा. दुसरा लूज टाइम, सेकंदात: सोनारचा धागा तुटला असं मानायला लागणारा वेळ.

आणि अगदी वेगळ्या विभागात, एआय डिटेक्शनखाली, लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइम. हा मिनिटांत असतो. तुमचा माग हरवल्यावर शत्रू किती वेळ शोधत राहील, ते हा ठरवतो. "डिस्ट्रॉयर जातच नाहीत" या तक्रारीचं उत्तर सोनारच्या विभागात नसून बहुतेक वेळा इथे असतं. मोठ्या मॉडमध्ये हा आकडा मूळ खेळापेक्षा वाढवलेला आढळतो. खरं युद्ध तसंच होतं, तासन्‌तास पाठलाग चालायचा, म्हणून मॉडवाल्यांनी केलं ते योग्यच. पण रात्री जेवणं आटोपून तासभर खेळणाऱ्याला ते झेपत नाही. त्याने हा आकडा कमी करावा, त्यात काही कमीपणा नाही. शत्रूचे कान तसेच तिखट राहतात, फक्त तो लवकर माघारी जातो.

१९४० मध्ये ठीक, १९४३ मध्ये सुटका नाही

हा बिघाड नाही आणि फाईल बदलून तो 'दुरुस्त' करायच्या मागे लागू नका. प्रत्येक जहाजाच्या फोल्डरमध्ये एसएनएस प्रकारची एक फाईल असते. त्यात त्या जहाजावर कुठलं यंत्र कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आहे, ते लिहिलेलं असतं. मोहीम पुढे सरकते तशी त्याच जहाजावर नवी यंत्रं चढतात.

इतिहासही तसाच आहे. सुरुवातीच्या ॲसडिकचा झोत पुढे आणि ठरावीक कोनात असायचा. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ आलं की पाणबुडी झोताच्या खाली निसटायची. त्यातून डेप्थ चार्ज टाकले जायचे ते मागच्या बाजूने, म्हणजे नेमक्या टाकण्याच्या क्षणी तिथे कुणी आहे की नाही हे त्यांना कळत नसे. खोली तर अंदाजानेच धरायची. १९४२ मध्ये हेजहॉग आला, जो २४ गोळे पुढच्या बाजूला फेकायचा, म्हणजे धागा तुटायच्या आतच मारा. १९४३ च्या सुमारास खोली मोजणारा १४७ प्रकारचा ॲसडिक आला. पुढे तीन नळ्यांच्या स्क्विड या उखळी तोफेला थेट सोनारकडूनच खोली मिळू लागली. ३१ जुलै १९४४ रोजी एचएमएस लॉख किलिनने स्क्विडच्या मदतीने यू-३३३ बुडवली. जर्मन पाणबुड्यांचा पाडाव झाला त्यात या यंत्रांचा वाटा मोठा होता आणि खेळाने ते प्रामाणिकपणे दाखवलं आहे.

तरीही १९४३ नंतरचा खेळ अगदीच अशक्य वाटत असेल तर दोन ठिकाणी बघा. एक, 'एआय_सेन्सर्स'मध्ये त्या यंत्राचा खालचा कोन. मॉडमध्ये तो फार वाढवला असेल तर जहाज डोक्यावर आलं तरी धागा तुटत नाही आणि खाली निसटायची जागाच उरत नाही. तो कोन थोडा आवरून घेणं हा माझ्या मते सगळ्यात देखणा बदल आहे. लांबून शत्रू तितकाच धोकादायक राहतो, पण अगदी जवळ आल्यावर त्याचा थोडा आंधळा भाग तुम्हाला मिळतो. त्याच फाईलमध्ये हायड्रोफोनची दिशाही तपासा. जहाजाच्या मागच्या बाजूला स्वतःच्याच पंख्याच्या आवाजामुळे काही ऐकू यायला नको. ती मागची पट्टी कुणी भरून काढली असेल तर परत मोकळी करा.

दोन, खलाशांचा दर्जा. मिशन एडिटरमध्ये शत्रूच्या जहाजाला पाच पायऱ्या देता येतात, पुअरपासून नोव्हिस, कॉम्पिटंट, व्हेटरन ते थेट एलिटपर्यंत. काही मोहिमांत सगळेच एस्कॉर्ट वरच्या दोन पायऱ्यांवर नेऊन ठेवलेले असतात. मग 'सिम'मध्ये काहीही करा, एका ठरावीक पातळीखाली ते उतरत नाहीत. मोहिमेच्या फाईलमध्ये हा दर्जा क्रू रेटिंग या नावाने ० ते ४ असा लिहिलेला असतो. सगळे ४ काढून काही २, काही ३ असे मिसळलेत तर काफिल्यात एखादं जहाज कच्चं निघतं. ते कच्चं जहाज कुठलं, हे हेरण्यात खरी मजा आहे.

थर्मल लेयरच्या मागे लागू नका, निदान या खेळात

उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या पाण्यात उतरलं की छातीपर्यंत पाणी कोमट लागतं आणि पाय थोडे खाली गेले की एकदम गार. समुद्रातही असाच थर असतो आणि त्या सीमेवर आवाज वाकतो. त्याखाली गेलेली पाणबुडी वरच्या जहाजाला नीट ऐकू येत नाही. खऱ्या पाणबुड्या याचा फायदा घेतात, म्हणून मुलं सायलेंट हंटर ३ मध्येही तो थर शोधत दोनशे मीटर खाली जातात आणि तिथे दाबाने पाणबुडी चिरडून घेतात. या भागात तो थर मांडलेलाच नाही. तो चौथ्या भागात, प्रशांत महासागरातल्या मोहिमांत आहे. तिथल्या 'सिम'मध्ये थर्मल लेयरमुळे आवाज किती घटावा याचा वेगळा आकडा हायड्रोफोन आणि सोनार दोघांनाही दिलेला आहे. १ म्हणजे काहीच घट नाही, ३ म्हणजे साधारण एक तृतीयांश उरतो. चौथा भाग खेळणाऱ्याने बाकी काही हलवायच्या आधी हाच आकडा बघावा. पण तो तिसऱ्या भागाच्या फाईलमध्ये नेऊन चिकटवला तर काहीही होत नाही. अशी चिकटवलेली फाईल माझ्याकडे बऱ्याचदा येते.

चाचणी कशी घ्यायची

मोहिमेत खेळता खेळता आकडे तपासू नका. तिथे दर वेळी हवा वेगळी, जहाज वेगळं, दर्जा वेगळा. फरक तुमच्या आकड्याने पडला की वाऱ्याने, हे कळतच नाही. खेळाबरोबर मिशन एडिटर येतो, त्यात अगदी साधी मिशन करा. एक डिस्ट्रॉयर, मधला दर्जा, ठरावीक तारीख, तो एका सरळ रेषेत मध्यम वेगाने जातोय. तुम्ही त्याच्या वाटेच्या बाजूला, दोन-तीन किलोमीटरवर. वारा आधी शून्य.

पहिल्या फेरीत काहीच बदलू नका. पाण्याखाली जाऊन दोन नॉटने चाला आणि तो वळतो का, कधी वळतो, पिंग कधी सुरू होतो ते लिहा. मग तीच मिशन पाच-सहा नॉटने चालून बघा. दोन्हींत फरक दिसला नाही, तर आवाजाचा हिशेब कुठेतरी बंद पडला आहे. आधी तो शोधा. मग वारा पंधरा मीटर प्रतिसेकंद करून पुन्हा. इथे फरक दिसला नाही तर लाटांचा फॅक्टर मेलेला आहे. हे दोन फरक स्पष्ट दिसू लागले की तुमचा पाया ठीक आहे असं समजा. त्यानंतरच डिटेक्शन टाइम, लूज टाइम, लॉस्ट कॉन्टॅक्ट टाइम यांना हात घाला.

गेम तुमची फाईल वाचतोय की नाही, हे एका झटक्यात पाहायचं असेल तर हायड्रोफोनचा डिटेक्शन टाइम मुद्दाम प्रचंड वाढवा आणि हीच मिशन चालवा. डिस्ट्रॉयर आधीसारखाच झटकन वळला तर गेम दुसरीच फाईल वाचतोय, परत व्हर्च्युअलस्टोअरकडे जा. खात्री झाली की तो आकडा मागे घ्यायला विसरू नका.

एवढं करूनही अडलं, तर मला विचारताना नुसतं "सोनार खराब आहे" असं पाठवू नका. गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे, जेएसजीएमईच्या यादीत कुठले मॉड कुठल्या क्रमाने आहेत, तुमची पूर्ण 'सिम' फाईल, मोहिमेतली तारीख, आणि चाचणी मिशनच्या तीन फेऱ्यांत डिस्ट्रॉयरने काय केलं, एवढं लिहून पाठवा.